मानधनाची मर्यादा, संशयाचे धुके आणि बातमीची पत

फेब्रुवारी २००८ मध्ये मुंबईत इंडियन प्रीमियर लीगचा पहिला लिलाव झाला, तेव्हा चेन्नईच्या संघाने महेंद्रसिंग धोनीसाठी १५ लाख डॉलर मोजले. खेळाडूंवर खर्च करण्यासाठी प्रत्येक संघाला ५० लाख डॉलरची कमाल मर्यादा होती. म्हणजेच एका खेळाडूपायी तिजोरीतील तीस टक्के रक्कम गेली. पुढे जून २०२३ मध्ये महाराष्ट्र प्रीमियर लीगचा पहिला लिलाव झाला. ईगल नाशिक टायटन्ससह सहाही संघांना प्रत्येकी २० लाख रुपयांची मर्यादा होती. कोल्हापूरच्या संघाने नौशाद शेखसाठी ६ लाख रुपये मोजले. प्रमाण पुन्हा तीस टक्केच.

एकीकडे डॉलरमधील लाख, दुसरीकडे रुपयांतील लाख. परंतु नियमाचे तत्त्व एकच, आणि त्याच्या सावलीसारखा चालणारा संशयही एकच. जाहीर झालेला आकडा हाच खेळाडूच्या हाती पडणारा आकडा आहे, की पाणी आणखी कुठेतरी मुरते आहे? मुंबई, पुणे, नाशिक, कोठेही चार क्रिकेटरसिक एकत्र आले की हा वाद रंगतो. एक पक्ष म्हणतो, एवढ्या कमी पैशांत एवढा मोठा संघ उभा राहूच शकत नाही. दुसरा पक्ष म्हणतो, हरणाऱ्यांना नेहमीच जिंकणाऱ्याच्या हिशेबात खोट दिसते. मग दोन्ही पक्ष वर्तमानपत्राचा आणि वृत्तवाहिनीचा दाखला देऊ लागतात, आणि वादाला नवे तोंड फुटते: हे छापणाऱ्यावर तरी विश्वास कितपत ठेवायचा?

या दोन प्रश्नांचे नाते फार जवळचे आहे. मर्यादा किती कोटींची, याला त्या मानाने महत्त्व कमी. हिशेब कोण तपासतो आणि त्याची बातमी कोण देतो, यावर या नियमाचे यशापयश ठरते.

मर्यादा कशासाठी?

खुल्या बाजारात ज्याच्याकडे पैसा अधिक, त्याच्याकडे चांगला माल अधिक. खेळात मात्र हा न्याय लावला तर स्पर्धाच संपते. एकाच धनाढ्य मालकाने सारे उत्तम खेळाडू विकत घेतले, तर सामन्यांचे निकाल आधीच ठरल्यासारखे होतील आणि प्रेक्षक पाठ फिरवतील. व्यवसायात प्रतिस्पर्धी बुडाला तर फायदा होतो. लीगमध्ये प्रतिस्पर्धी बुडाला तर खेळायचे कोणाशी, हा प्रश्न उरतो. म्हणूनच संघांनी आपल्याच हातांना बांधून घेतलेली ही दोरी आहे. अमेरिकेतील बास्केटबॉल संघटना एनबीएने १९८४-८५ च्या हंगामात प्रत्येक संघाला ३६ लाख डॉलरची मर्यादा घातली, आणि तेव्हापासून ही कल्पना इतर देशांत व इतर खेळांत पसरत गेली.

या मर्यादेचे दोन हेतू सांगितले जातात. पहिला, संघांमधील चुरस टिकवणे. दुसरा, मालकांना आपापसांतील चढाओढीत कंगाल होण्यापासून वाचवणे. तिसरा परिणाम फारसा बोलून दाखवला जात नाही: खेळाडूच्या कमाईलाही आपोआप लगाम बसतो. ज्याची बाजारातील किंमत मर्यादेने दाबली गेली आहे, त्याला वरच्या पैशांचा मोह होतो. ज्याला तो खेळाडू हवा आहे, त्यालाही होतो. नियम मोडण्याचे बीज असे नियमातच असते. म्हणून मर्यादा घालणे सोपे आणि ती राखणे अवघड.

आकड्यांचा चढता आलेख

पहिल्या वर्षीच्या ५० लाख डॉलरवरून आयपीएल संघांची तिजोरी झपाट्याने वाढत गेली. २०११ मध्ये नव्याने लिलाव झाला तेव्हा मर्यादा ९० लाख डॉलरची होती. २०१४ पासून बोली रुपयांत लागू लागली आणि मर्यादा ६० कोटी झाली. २०१८ मध्ये ती ८० कोटी, २०२२ मध्ये ९० कोटी आणि २०२४ मध्ये १०० कोटी रुपये होती. २०२५ च्या हंगामासाठी नोव्हेंबर २०२४ मध्ये सौदी अरेबियातील जेद्दा येथे लिलाव झाला, तेव्हा प्रत्येक संघाकडे १२० कोटी रुपये होते आणि लखनौने ऋषभ पंतसाठी २७ कोटी रुपये दिले. त्याच हंगामापासून प्रत्येक सामन्यामागे साडेसात लाख रुपयांचे वेगळे मानधनही सुरू झाले.

सुरुवातीपासूनच या नियमाला काही खास दरवाजे ठेवले होते. २००८ मध्ये सचिन तेंडुलकर, सौरव गांगुली, राहुल द्रविड, वीरेंद्र सेहवाग आणि युवराज सिंग यांना आपापल्या शहरांचे ‘आयकॉन’ खेळाडू ठरवण्यात आले. त्यांचा लिलाव झाला नाही. संघातील सर्वांत महागड्या खेळाडूपेक्षा त्यांना पंधरा टक्के अधिक रक्कम मिळणार होती. हैदराबादच्या व्ही. व्ही. एस. लक्ष्मणने हा मान नाकारला, कारण त्याच्यासाठी राखून ठेवावी लागणारी मोठी रक्कम संघाला इतर खेळाडूंवर खर्चता यावी. मर्यादेच्या चौकटीत एका खेळाडूचा एक रुपया म्हणजे दुसऱ्याचा गेलेला रुपया असतो, हे त्या निर्णयातून स्पष्ट दिसले.

शंकेला जागा कोठे मिळाली?

संशय हा बहुतेक वेळा गुप्ततेतून जन्मतो. आयपीएलच्या पहिल्या सहा वर्षांत अशा गुप्ततेच्या तीन जागा होत्या.

पहिली जागा जानेवारी २०१० च्या लिलावातील. त्या वर्षी प्रत्येक संघाला जास्तीत जास्त साडेसात लाख डॉलर खर्चता येणार होते. कायरन पोलार्ड आणि शेन बाँड या दोघांसाठी एकाहून अधिक संघ त्या आकड्यापर्यंत पोचले. मग बंद पाकिटातून बोली मागवण्यात आली. पोलार्ड मुंबईला मिळाला, बाँड कोलकात्याला. खेळाडूला साडेसात लाखच मिळणार आणि वरची रक्कम लीगच्या खात्यात जाणार, असा नियम होता. ती वरची रक्कम किती, हे मात्र जाहीर झाले नाही. व्यवहार नियमानुसार होता. परंतु ज्या लिलावाचे थेट प्रक्षेपण सारा देश पाहत होता, त्यातील निर्णायक आकडाच पडद्याआड राहिला.

दुसरी जागा ‘राखून ठेवलेल्या’ खेळाडूंची. २०११ मध्ये संघांना चार खेळाडू लिलावाआधीच राखता येत होते. पहिल्या खेळाडूपोटी १८ लाख डॉलर, दुसऱ्यापोटी १३ लाख, तिसऱ्यापोटी ९ लाख आणि चौथ्यापोटी ५ लाख डॉलर तिजोरीतून वजा होत. मात्र वजा होणारी रक्कम आणि खेळाडूला प्रत्यक्ष मिळणारी रक्कम एकच असावी, असे बंधन नव्हते. तो व्यवहार मालक आणि खेळाडू यांच्यातला. चेन्नईने धोनी, सुरेश रैना, मुरली विजय आणि अ‍ॅल्बी मॉर्केल यांना राखले. मुंबईने तेंडुलकर, हरभजन सिंग, पोलार्ड आणि लसिथ मलिंगा यांना. इतर संघांच्या पाठीराख्यांनी नाके मुरडली ती येथेच. यात नियमभंग नव्हता. पण मर्यादा म्हणून जो आकडा मिरवला जात होता, तो खऱ्या खर्चाचे माप नव्हता.

तिसरी जागा सर्वांत निसरडी होती. भारताकडून न खेळलेल्या देशी खेळाडूंना २०११ ते २०१३ या काळात लिलावात स्थानच नव्हते. प्रथम श्रेणीतील पदार्पणाला किती वर्षे झाली त्यानुसार १०, २० किंवा ३० लाख रुपये, असे त्यांचे मानधन ठरलेले होते. २००९ मध्ये आयपीएलमध्ये शतक झळकावणारा पहिला भारतीय ठरलेला मनीष पांडे याच गटात मोडत होता. ज्या बाजारात परदेशी खेळाडूंना कोट्यवधी मिळत होते, तेथे अशा फलंदाजाचे मोल ३० लाखांच्या आत बांधलेले होते. सगळ्यांचा दर सारखाच असेल तर खेळाडूने एक संघ सोडून दुसरा का निवडावा? या प्रश्नाला ‘आवड’ हे एक उत्तर होते. लोकांच्या मनात दुसरेच उत्तर होते.

लीगने काही प्रकरणांत कारवाईही केली. करारात असताना इतर संघांशी अधिक मानधनासाठी परस्पर बोलणी केल्याचा ठपका ठेवून रवींद्र जडेजाला २०१० च्या पूर्ण हंगामासाठी बाहेर ठेवण्यात आले. मनीष पांडेवर २०११ मध्ये खेळाडूविषयक नियम मोडल्याबद्दल चार सामन्यांची बंदी आली. दोन्ही वेळा शिक्षा झाली ती खेळाडूला. टाळी एका हाताने वाजत नाही, मग दुसरा हात कोणाचा, असे क्रिकेटरसिक विचारत राहिले.

पुण्याच्या संघातील २०१२ चे प्रकरण

या साऱ्या कुजबुजीला मे २०१२ मध्ये एका हिंदी वृत्तवाहिनीने आवाज दिला. ‘इंडिया टीव्ही’ने छुप्या कॅमेऱ्याने केलेले चित्रण प्रसारित केले. त्यात पुणे वॉरियर्स संघातील मध्य प्रदेशचा फलंदाज मोहनीश मिश्रा आपल्याला ठरलेल्या मर्यादेपेक्षा कितीतरी अधिक रक्कम मिळते आणि तिचा मोठा भाग काळ्या पैशात असतो, असे सांगताना दिसला. रकमेचा आकडा कोटीच्या पुढचा होता. याच चित्रणात अन्य काही खेळाडूंची नावे सामन्यातील गैरप्रकारांच्या संदर्भात आली. नियामक मंडळाने पाच खेळाडूंना तत्काळ निलंबित केले आणि रवी सवानी यांच्याकडे चौकशी सोपवली.

पुणे वॉरियर्स हा सहारा समूहाने २०१० मध्ये ३७ कोटी डॉलरना घेतलेला संघ. नाशिकसह उर्वरित महाराष्ट्राच्या क्रिकेटरसिकांना पहिल्यांदाच ‘आपला’ म्हणावा असा आयपीएल संघ त्या निमित्ताने मिळाला होता. मुंबई आणि विदर्भ वगळता राज्यातील क्रिकेटचा कारभार पाहणाऱ्या महाराष्ट्र क्रिकेट संघटनेचे गहुंजे येथील मैदान २०१२ पासून या संघाचे घर झाले होते. त्यामुळे त्या चित्रणाचा धक्का येथे अधिक जवळून बसला.

चौकशीचा निकाल त्याच वर्षी जूनअखेर लागला. टी. पी. सुधींद्र या गोलंदाजावर आजन्म बंदी आली, शलभ श्रीवास्तववर पाच वर्षांची. मोहनीश मिश्रा, अमित यादव आणि अभिनव बाली यांना प्रत्येकी एक वर्षाची बंदी झाली. मिश्राने केले ते आधार नसलेले बढाईखोर बोलणे होते आणि त्यामुळे खेळाची बदनामी झाली, असा निष्कर्ष निघाला. म्हणजे जादा पैशांची गोष्ट सिद्ध झाली नाही. ज्याने ती सांगितली त्याला मात्र ती सांगितल्याबद्दल शिक्षा झाली.

या निकालाचे दोन अर्थ लावले गेले, आणि दोन्ही समजण्याजोगे आहेत. एका अर्थाने वृत्तवाहिनीने एका तरुण खेळाडूची फुशारकी पुरावा म्हणून दाखवली. छुपा कॅमेरा माणसाचे शब्द टिपतो; ते शब्द खरे आहेत की नाहीत, हे तो सांगू शकत नाही. करार, बँकेतील नोंद, पावती यांपैकी काहीही पडद्यावर आले नव्हते. दुसऱ्या अर्थाने मंडळाने बोलणाऱ्याला शिक्षा केली. पण संघांच्या मानधनाच्या खात्यांची स्वतंत्र तपासणी करून तिचा निष्कर्ष लोकांपुढे ठेवला नाही. आरोप सिद्ध न होणे आणि आरोप खोटा ठरणे यांत अंतर असते. ते अंतर भरून काढणारा कागद पुढे आला नाही, म्हणून संशय जागच्या जागी राहिला.

ऑस्ट्रेलियातील धडा

याच प्रश्नाला कागदाच्या आधारे भिडणारी पत्रकारिता कशी असते, हे पाहायचे तर ऑस्ट्रेलियातील रग्बी लीगकडे वळावे लागते. रग्बी लीग हा तेरा-तेरा खेळाडूंचा खेळ. भारतात थोडीफार खेळली जाणारी रग्बी युनियन वेगळी. या खेळाचा जन्मच मानधनाच्या भांडणातून झाला. खाणीत आणि गिरणीत काम करणाऱ्या खेळाडूंना सामन्यामुळे बुडालेल्या मजुरीची भरपाई मिळावी, या मागणीवरून इंग्लंडच्या उत्तरेकडील क्लब १८९५ मध्ये मूळ संघटनेतून बाहेर पडले. पुढे सिडनीत हा खेळ रुजला आणि १९९० मध्ये तेथील लीगने क्लबांवर वेतनमर्यादा घातली.

ऑगस्ट २००२ मध्ये सिडनीचा कँटरबरी बुलडॉग्ज हा संघ सलग सतरा सामने जिंकून गुणतक्त्यात पहिला होता. त्याच वेळी ‘सिडनी मॉर्निंग हेरल्ड’ या दैनिकाच्या केट मॅक्लाइमॉन्ट आणि अ‍ॅन डेव्हिस यांनी क्लबच्या कागदपत्रांच्या आधारे मर्यादेबाहेरील रकमा उघड केल्या. लीगने तपास केला. क्लबचे ३७ गुण कापले गेले, पाच लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड झाला आणि पहिल्या क्रमांकावरचा संघ तळाला गेला. त्या दोघींना त्या वर्षीचा ऑस्ट्रेलियातील पत्रकारितेचा सर्वोच्च सन्मान मिळाला. संघाचे पाठीराखे मात्र वृत्तपत्रावर भडकले. त्यांच्या दृष्टीने गुन्हेगार क्लब नव्हता, बातमी देणारा होता. पण कागद बोलत होते, म्हणून वाद लवकर निवाला.

एप्रिल २०१० मध्ये मेलबर्न स्टॉर्म या संघाचे प्रकरण त्याहून मोठे ठरले. क्लबने करारांच्या दोन प्रती ठेवल्या होत्या: एक लीगला दाखवण्यासाठी, दुसरी कपाटात. २००७ आणि २००९ ची विजेतेपदे काढून घेण्यात आली, पाच लाख डॉलर दंड झाला, बक्षिसाचे ११ लाख डॉलर परत द्यावे लागले आणि त्या हंगामातील उरलेले सारे सामने त्या संघाला एकही गुण न मिळता खेळावे लागले. पुढील लेखापरीक्षणात पाच वर्षांतील जादा खर्च ३० लाख डॉलरच्या वर गेला. २०१६ मध्ये पॅरामॅटा ईल्सलाही याच कारणावरून १२ गुण आणि १० लाख डॉलर गमवावे लागले.

मेलबर्नच्या प्रकरणातील खरी गुंतागुंत मालकीची होती. त्या क्लबची मालकी ‘न्यूज लिमिटेड’कडे होती. सिडनीतील ‘डेली टेलिग्राफ’, मेलबर्नमधील ‘हेरल्ड सन’ आणि देशभर खपणारे ‘द ऑस्ट्रेलियन’ ही दैनिके त्याच कंपनीची. एवढेच नव्हे, तर खुद्द लीगमध्येही तिचा निम्मा वाटा होता. म्हणजे खेळाडू, पंच आणि बातमीदार एकाच घरचे. प्रकरण बाहेर आल्यावर त्या दैनिकांनी ते ठळकपणे छापले, हे खरे. तरीही वाचकांच्या मनात प्रश्न उरला: हे आधी का कळले नाही? कंपनीने २०१२ मध्ये लीगमधील वाटा सोडला आणि २०१३ मध्ये क्लबही विकला.

बातमीदार कोणाच्या घरचा?

हा प्रश्न ऑस्ट्रेलियापुरता नाही. २००९ ची आयपीएल जिंकणारा डेक्कन चार्जर्स हा संघ ‘डेक्कन क्रॉनिकल’ या दैनिकाच्या मालकांचा होता. २०१२ मध्ये मंडळाने त्याचा करार रद्द केला आणि हैदराबादचा नवा संघ सन टीव्ही समूहाने घेतला. पुण्याच्या संघाचा मालक असलेल्या सहारा समूहाकडे वृत्तवाहिन्या आणि दैनिकही होते. शिवाय तोच समूह त्या काळात भारतीय संघाचा प्रायोजक होता. मुंबई इंडियन्सची मालकी रिलायन्सकडे आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये झालेल्या विलीनीकरणानंतर आयपीएलचे प्रक्षेपण करणारी ‘जिओस्टार’ ही कंपनीही रिलायन्सच्या नियंत्रणाखाली आली, आणि देशातील अनेक वृत्तवाहिन्या चालवणारा ‘नेटवर्क १८’ समूह २०१४ पासूनच तिच्याकडे आहे. यावरून कोणी काही दडवले असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. पण कोणती बातमी कोणाच्या घरातून येते, हे वाचकाला ठाऊक असायला हवे.

समालोचकांची गोष्टही अशीच. सुनील गावस्कर आणि रवी शास्त्री हे आयपीएलच्या आरंभीच्या नियामक मंडळाचे सदस्य होते आणि त्याच स्पर्धेचे समालोचकही. मंडळाकडून त्यांना प्रत्येकी वर्षाला ३ कोटी ६० लाख रुपये मिळत असल्याचे वृत्त २०११ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा बऱ्याच प्रेक्षकांना ते प्रथमच कळले. हर्षा भोगले यांना २०१६ च्या आयपीएलआधी आणि संजय मांजरेकर यांना २०२० मध्ये मंडळाच्या समालोचक ताफ्यातून वगळण्यात आले. ज्याची नेमणूक मंडळाच्या मर्जीवर, त्याच्या जिभेवर मंडळाचे वजन नसेल, असे श्रोत्याने किती काळ मानावे? २०१२ च्या अखेरीस इंग्लंडचा संघ भारतात आला तेव्हा मंडळाने काही छायाचित्र संस्थांना मैदानात प्रवेश नाकारला. निषेध म्हणून रॉयटर्स, एएफपी, एपी यांसारख्या संस्थांनीही छायाचित्रे घेतली नाहीत. बातमीवर खेळाच्या मालकाचे नियंत्रण कोठवर पोचू शकते, याचे ते उदाहरण होते.

नियम राखणाऱ्याचे हितसंबंधही निर्णायक ठरतात. सप्टेंबर २००८ मध्ये मंडळाने आपल्या घटनेतील एक कलम बदलून पदाधिकाऱ्यांना आयपीएल संघात भागीदारीची मुभा दिली. तेव्हा मंडळाचे खजिनदार असलेले एन. श्रीनिवासन यांच्या इंडिया सिमेंट्सकडे चेन्नईचा संघ होता. जानेवारी २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती रद्द ठरवली. कुंपणानेच शेत खाल्ले की नाही, हा पुढचा प्रश्न. कुंपण आणि शेत एकाच सातबाऱ्यावर असता कामा नये, हे न्यायालयाने स्पष्ट केले.

काय सुधारले?

गेल्या काही वर्षांत शंकेच्या त्या तिन्ही जागा बऱ्याच अंशी बुजवण्यात आल्या. २०१४ पासून भारताकडून न खेळलेले खेळाडूही लिलावात आले. त्याच वर्षी कर्ण शर्माला हैदराबादने पावणेचार कोटी रुपयांना घेतले. जी किंमत आदल्या वर्षीपर्यंत कागदावर ३० लाखांपुढे जाऊच शकत नव्हती, ती आता हातोड्याखाली साऱ्यांसमक्ष ठरली. २०१८ पासून राखलेल्या खेळाडूची प्रत्यक्ष रक्कम ठरावीक टप्प्याहून अधिक असेल, तर तिजोरीतून प्रत्यक्ष रक्कमच वजा होऊ लागली. म्हणूनच विराट कोहलीसाठी बंगळूरूच्या खात्यातून १५ नव्हे, तर १७ कोटी गेले.

बंद पाकिटाची जागाही उघड्या नियमाने घेतली. आता छोट्या लिलावात परदेशी खेळाडूला १८ कोटींहून अधिक मिळत नाहीत. बोली वर गेली तर वरची रक्कम खेळाडूंच्या कल्याणासाठी मंडळाकडे जाते. डिसेंबर २०२५ मध्ये कोलकात्याने कॅमेरून ग्रीनसाठी २५ कोटी २० लाखांची बोली लावली, तेव्हा खेळाडूला किती आणि मंडळाला किती, हे शाळकरी मुलालाही वजाबाकी करून सांगता आले. २०१० आणि २०२५ च्या नियमांत तत्त्वाचा फरक नाही. फरक आहे तो आकडा दिसण्याचा.

तरीही काही वाटा उरतात. संघमालकाच्या दुसऱ्या कंपनीने खेळाडूला जाहिरातीसाठी दिलेली रक्कम मानधन मानायची की जाहिरातीचे मोल? निवृत्तीनंतर त्याच समूहात मिळणारे पद बक्षीस मानायचे की नोकरी? ऑस्ट्रेलियातील लीगने वेतनमर्यादेच्या तपासणीसाठी स्वतंत्र लेखापरीक्षक नेमला, तो अशाच प्रश्नांसाठी. तो असूनही मेलबर्नचे प्रकरण काही वर्षे दडून राहिले. यावरून तपासणी निरुपयोगी ठरत नाही. तपासणीमागे जागरूक पत्रकारिताही हवी, एवढेच दिसते.

वाचकाच्या हाती काय?

हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर रणजीचे सामने पाहत वाढलेल्या नाशिकच्या रसिकाला आता आपल्या शहराच्या नावाचा संघ आहे. त्यातील खेळाडूंचे मानधन लाखांत असले तरी एखाद्या होतकरू गोलंदाजाच्या घरासाठी ती रक्कम मोठी असते. राज्य पातळीवरच्या लीगवर राष्ट्रीय माध्यमांची नजर क्वचितच जाते. तेथे पहारा देण्याचे काम स्थानिक वर्तमानपत्रांवरच येते. म्हणून मर्यादेच्या बातमीकडे पाहताना चार प्रश्न विचारण्याची सवय उपयोगी पडते. बातमीला कागदाचा आधार आहे की केवळ कोणाच्या तोंडचे शब्द? ज्याच्यावर आरोप आहे त्याचे म्हणणे छापले आहे का? बातमी देणाऱ्याचा त्या संघाशी, लीगशी किंवा प्रक्षेपणाशी आर्थिक संबंध आहे का, आणि असल्यास तो सांगितला आहे का? आणि चौकशी झाली, तर तिचा अहवाल लोकांपुढे आला का?

या चारपैकी एकाचेही उत्तर मिळत नसेल, तर ती बातमी खोटी ठरत नाही. पण तिच्यावर निकाल देण्याची घाईही करू नये. जिंकणाऱ्या प्रत्येक संघाकडे बोट दाखवणे सोपे असते, आणि आपल्या संघावरील प्रत्येक आरोप माध्यमांचा कट म्हणून झटकणेही तितकेच सोपे. कँटरबरीच्या पाठीराख्यांनी दुसरी वाट धरली होती. कागदपत्रांनी त्यांना परत फिरवले. पुण्याच्या प्रकरणात परत फिरवणारा किंवा पुढे नेणारा कागदच समोर आला नाही. चौदा वर्षांनंतरही तो विषय निघाला की दोन्ही बाजू जेथे होत्या तेथेच उभ्या दिसतात, त्याचे कारण हेच.